जहाज निवडावे प्रकृती पाहून

सागरी सफरीचा विषय निघाला की घरातील ज्येष्ठांच्या मनात दोन भावना एकाच वेळी उभ्या राहतात : निळ्या पाण्याची ओढ आणि बोट लागण्याचे भय. मुंबईहून बोटीने रत्नागिरी, वेंगुर्ले किंवा पणजी गाठलेल्या पिढीला हे भय ऐकीव नाही. तथापि आजचे क्रूझ जहाज ज्येष्ठांना एक मोठी सोय देते : सामान एकदाच उघडावे लागते. आठ दिवसांत चार शहरे पाहायची, तर जमिनीवर चार हॉटेले आणि चार वेळा बॅगांची बांधाबांध आली. जहाजावर खोलीच आपल्याबरोबर प्रवास करते. तीच खाट, तेच स्नानगृह; दुसऱ्या रात्रीपर्यंत दिव्याचे बटण अंधारातही हाताला सापडू लागते. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला या सुखाचे मोल सांगावयास नको.

या सुखाला एक मर्यादा आहे. गावात रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते, भर समुद्रात ते नसते. म्हणून अनेक सफरींनंतर माझा क्रम ठरून गेला आहे : आधी प्रकृती, मग मार्ग, मग जहाज व खोली, आणि सर्वांत शेवटी भाडे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

मार्ग कोणता?

पहिली सफर लहान असावी. हिवाळ्यात मुंबईहून गोव्याकडे जाणारी दोन-तीन रात्रींची सफर त्या दृष्टीने उत्तम. प्रकृतीला जहाज मानवते की नाही, हे थोडक्या खर्चात कळते. पावसाळ्यातील अरबी समुद्र मात्र ज्येष्ठांसाठी नव्हे. परदेशी जावयाचे असल्यास नॉर्वेचे फ्योर्ड किंवा अलास्काचा बेटांआडून जाणारा जलमार्ग मला अधिक पसंत आहे. तेथे दोन्ही बाजूंना भूमी असल्याने पाणी पुष्कळसे शांत असते, आणि खिडकीत बसूनही डोंगर, धबधबे, हिमनद्या दिसत राहतात. महासागर ओलांडणाऱ्या सफरीत कित्येक दिवस बंदरच लागत नाही. हृदयविकार वा श्वसनविकार अलीकडेच बळावला असेल, तर तो मार्ग टाळावा.

खोली कोठे घ्यावी?

जहाज झोपाळ्यासारखे हलते. मध्यभागी हालचाल कमी, टोकांना अधिक; खालच्या मजल्यांवर कमी, वरच्यांवर अधिक. त्यामुळे जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, लिफ्टपासून जवळची खोली घ्यावी. नकाशा पाहून, तिच्या वर किंवा खाली नृत्यगृह वा स्वयंपाकघर नाही याचीही खात्री करावी. उंचावरच्या सज्जासाठी अधिक पैसे मोजण्यापेक्षा मला मध्यावरची साधी खिडकी बरी वाटते. मात्र ज्यांना फारसे हिंडता येत नाही त्यांच्यासाठी सज्जा ही चैन नव्हे. तेवढेच त्यांचे अंगण असते.

साध्या खोलीतील स्नानगृहाला बहुधा उंच उंबरठा असतो व दार अरुंद असते. चाकाची खुर्ची आत जात नाही. त्यासाठी रुंद दाराच्या, बिनउंबरठ्याच्या वेगळ्या खोल्या असतात, पण त्या मोजक्याच. काही महिने आधी मागणी नोंदवावी.

बोट लागू नये म्हणून

रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंब जेवूही नये. मळमळ वाटू लागताच मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्यभागी बसावे व नजर क्षितिजावर ठेवावी. पुस्तक आणि मोबाईल बाजूला सारावेत. आल्याच्या वडीचा तुकडा अनेकांना आराम देतो.

मळमळीच्या गोळ्यांविषयी मात्र सावध असावे. तरुण मुलगा सहज घेतो ती प्रोमेथाझिनसारखी गोळी सत्तरीच्या माणसाला गुंगी आणू शकते, क्वचित भ्रमही होतो. प्रोस्टेटची वाढ असल्यास लघवी अडण्याची, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतील दाब वाढण्याची शक्यता असते. हलणाऱ्या जमिनीवर गुंगीतला माणूस पडला, तर मळमळ परवडली असे म्हणण्याची वेळ येते. कोणती गोळी व किती, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

खलाशांचा जुना दंडक आहे : एक हात स्वतःसाठी, एक हात जहाजासाठी. चालताना एक हात नेहमी कठड्यावर असावा. पायांत मागे पट्टा असलेली, रबरी तळाची पादत्राणे घालावीत. सपाता घरीच ठेवाव्यात.

औषधांची पिशवी

बंदरावर आपल्या मोठ्या बॅगा जहाजाचे कर्मचारी ताब्यात घेतात आणि त्या खोलीपाशी काही तासांनी पोहोचतात. म्हणून औषधे, चष्मा, कर्णयंत्राच्या बॅटऱ्या व कवळीची डबी हातातल्या पिशवीतच ठेवावी. औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक घ्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील व्यापारी नावे परदेशी डॉक्टरांना ठाऊक नसतात. हृदयरुग्णांनी अलीकडच्या ईसीजीची प्रत जवळ बाळगावी. नव्या ईसीजीत दिसणारा बदल जुना की आजचा, हे त्या एका कागदावरून कळते.

इन्शुलिन खोलीतल्या लहान फ्रिजमध्ये नीट थंड राहीलच असे नाही. शंका असल्यास जहाजावरील दवाखान्यात विचारावे. वापरलेल्या सुयांसाठी खोलीच्या सेवकाकडे वेगळा डबा मागावा. झोपेत श्वासाचे यंत्र वापरणाऱ्यांनी आपली गरज आधी कळवावी. घरून नेलेली एक्स्टेन्शन कॉर्ड अनेक जहाजांवर चालत नाही. लघवीची गोळी घेणारे पुष्कळ जण फिरावयाच्या दिवशी ती आपणहून चुकवतात. तसे करू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. जहाजावरचे लोणचे, सूप आणि पापड या गोळीचे काम निष्फळ करतात, हेही ध्यानात असावे.

हात धुवावेत साबणाने

जहाजावर अनेक माणसे एकाच भोजनगृहात वावरतात, त्यामुळे नोरोव्हायरसचा जुलाब-उलट्यांचा आजार चटकन पसरतो. दारापाशी ठेवलेले सॅनिटायझर या विषाणूवर फारसे प्रभावी नाही. साबण व वाहत्या पाण्याने निदान २० सेकंद हात चोळून धुणे हाच उपाय. ज्येष्ठांना जुलाबाने पाण्याची कमतरता लवकर जाणवते. क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत आणि त्रास लपवू नये.

प्रत्येक बंदरी उतरलेच पाहिजे असे नाही

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागते, उदाहरणार्थ मुरगाव. काही ठिकाणी ते पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपची बेटे तशीच. हलत्या होडीत पाय टाकणे गुडघे दुखणाऱ्यांना जड जाते, आणि चाकाची खुर्ची नेण्यास कर्मचारी नकारही देऊ शकतात. ग्रीसमधील सँटोरिनीला होडीतून उतरल्यावर वरच्या गावापर्यंत साडेपाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. केबल कार आहे, पण तिची रांग मोठी असते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच कोणते बंदर धक्क्याचे व कोणते होडीचे, हे विचारून घ्यावे.

मी साधारणपणे एक बंदर सोडून एका बंदरी उतरते. सारे जण किनाऱ्यावर गेलेले असताना जहाज शांत असते, लिफ्ट रिकाम्या असतात, वाचनालयात हवी ती खुर्ची मिळते. पैसे वाया गेल्याची रुखरुख कोणी लावून घेऊ नये.

जहाजावरचा दवाखाना

तेथे डॉक्टर व परिचारिका असतात. ताप, जखम, छातीत दुखणे यांवर ते पहिले उपचार करतात. परंतु तो दवाखाना आहे, रुग्णालय नव्हे. प्रकृती गंभीर झाल्यास रुग्णाला पुढच्या बंदरात उतरवतात, आणि जहाज पुढे निघून जाते. उपचारांचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे विम्यात तातडीने रुग्णालयात हलवण्याचा आणि मायदेशी आणण्याचा खर्च अंतर्भूत आहे ना, हे पाहावे. जुने आजार अर्जात स्पष्ट लिहावेत. लपवलेल्या मधुमेहामुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

निघण्यापूर्वी घरात एक अवघड बोलणे करून घ्यावे. रुग्णासोबत कोण उतरेल? पासपोर्ट, कार्ड व विम्याचे कागद कोणाकडे असतील? उपचार कोठवर चालू ठेवावेत, याविषयी स्वतः ज्येष्ठांची इच्छा काय आहे? शेवटचा प्रश्न विचारताना मुलांची जीभ अडखळते. परंतु परक्या बंदरात, परक्या भाषेत निर्णय घ्यावा लागण्यापेक्षा तो दिवाणखान्यात आई-वडिलांच्या तोंडून ऐकलेला बरा.

सराव चुकवू नये

इटलीच्या जिलियो बेटापाशी १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले व ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षा-सराव व्हावयाचा होता. त्यानंतर नियम कडक झाले. आता हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच होतो. सात आखूड व एक लांब भोंगा म्हणजे संकटाची सूचना. अशा वेळी लिफ्ट वापरत नाहीत. जिने उतरता न येणाऱ्यांची नोंद पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांकडे करावी, म्हणजे मदतीचा माणूस नेमला जातो.

सोबत करणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला एकसारखी दिसणारी दारे गोंधळात टाकतात. ही दारे बहुधा पोलादी असतात. घरचे ओळखीचे चित्र चुंबकाने त्यावर लावावे. खिशात नाव व खोली क्रमांकाची चिठ्ठी असावी. आणि सेवा करणाऱ्यानेही रोज दोन तास स्वतःसाठी ठेवावेत, दुसऱ्या कोणी त्या वेळी जवळ बसावे, हे आधीच ठरवावे. वर्षभर रात्री जागणाऱ्या सुनेला किंवा मुलाला समुद्र पाहावयास मिळाला नाही, तर ती सहल एकाचीच झाली असे होईल.

इतकी तयारी झाल्यावर भय बाळगण्याचे कारण उरत नाही. यंदाच्या हिवाळ्यात विचार असेल, तर प्रथम आपल्या डॉक्टरांची भेट ठरवावी; तिकिटाचे त्यानंतर पाहावे.