परवाना देताना घरातल्या बाईला कोण विचारते?

मैत्रिणींनो, बाईवर हल्ला झाला की एक मागणी हमखास पुढे येते : पोरींच्या हाती पिस्तूल द्या. फेब्रुवारी 2020 मध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळले. तिच्या पर्समध्ये पिस्तूल असते तर ती वाचली असती काय? रोजच्या वाटेवर दबा धरून बसलेल्यापुढे पर्स उघडायला तरी वेळ मिळतो का?

2014 मध्ये सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये! आंजीत निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची वर्षाची मजुरीही तेवढी होत नाही. आणि घरात आलेली बंदूक बाईच्या नावावर असली, तरी ती हाताळणार कोण, हे आपण जाणतोच.

कायदा काय म्हणतो? 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार 21 वर्षे पूर्ण नसलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. जिल्हाधिकारी परवाना देतात, त्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल येतो. अहवालात अर्जदारावरचे गुन्हे पाहतात. पण बायकोने मुकाट मार खाल्ला असेल, तर नवऱ्याचे चारित्र्य कागदावर स्वच्छच! रानडुकरांसाठी घेतलेली बंदूक घरात कोणाला धाक दाखवते, हे कोणी विचारत नाही. कॅनडात अर्जावर सोबत राहणाऱ्या आणि गेल्या दोन वर्षांत वेगळ्या झालेल्या जोडीदाराचीही सही मागतात. सही नसेल तर शासन तिला कळवते. आपल्याकडे हे का होऊ नये?

पोरांचे तेच. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, फोटो काढायचा, वस्तीत फिरवायचा. ही मर्दानगी त्यांना शिकवली कोणी? जून 2023 मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत नकार देणाऱ्या मुलीमागे एक तरुण कोयता घेऊन धावला. कोयता, विळा ही आपली शेतीची अवजारे. त्यांना परवाना लागत नाही आणि लागूही नये. बंदोबस्त हवा तो नकार न पचवणाऱ्या वृत्तीचा, आणि पोरांच्या हाती हत्यार देणाऱ्या दादांचा. पोरगा अठराच्या आतला असला तर तो बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो, दादा मोकळा सुटतो. वास्तविक मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ते कलम लावायला ठाणेदाराला भाग पाडा.

म्हणून आपल्या मागण्या :

परवाना देताना व नूतनीकरण करताना महिला पोलिसाने घरातल्या बायकांशी एकांतात बोलावे.

कौटुंबिक हिंसेची तक्रार येताच परवाना निलंबित करावा. कलम 17 खाली जिल्हाधिकाऱ्यांना सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तसा अधिकार आहे.

हिंसेत वापरलेले हत्यार जप्त करणे, हे दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिल्यास संरक्षण अधिकाऱ्याचे काम आहे. 2006 च्या नियमांत तसे लिहिले आहे. तेव्हा मैत्रिणीचा अर्ज भरताना ही मागणी विसरू नका.

आम्हाला बंदूक नको. आमच्यावर रोखलेली बंदूक काढून घ्या!