एका जागेचा फरक

झुरळ म्हणा की कन्नडात जिरळे, औषधाने मरेना झाले की आपण दुकानदाराला बोल लावतो. वर्गात मी मात्र केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीकडे वळतो. चेतापेशींना शांत करणारे ‘गाबा’ हे रसायन ज्या ग्राहीवर बसते, तिलाच डिल्ड्रिन अडवते आणि किडा झटके येऊन मरतो. रिचर्ड फ्रेंच-कॉन्स्टंट आणि सहकाऱ्यांनी न मरणाऱ्या माश्याच हाताशी धरल्या! १९९१ मध्ये त्या ग्राहीचा जनुक मिळाला. १९९३ साली दिसले, ३०२ व्या जागी ॲलनिनऐवजी सेरिन आहे. बस्स, एवढेच. झुरळांतही हाच बदल सापडला. फिप्रोनिलचा मारा याच ग्राहीवर. म्हणून उसात दरवर्षी तेच औषध टाकणाऱ्या पाहुण्यांना मी टोकतो. ते हसतात.