वर्गणीची वही

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी कोणी दार वाजवले की मी झोपेचे सोंग घेतो. मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारे हे वर्तन नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु गिरगावातल्या चाळीत पंधरा वर्षे काढलेल्या कोणत्याही गृहस्थाला विचारा. या दिवसांत दारात उभी असलेली व्यक्ती पाहुणा असण्यापेक्षा वर्गणी मागणारी असण्याचाच संभव अधिक.

यंदा आल्या त्या एका महिला मंडळाच्या दोन बाई. त्यांतल्या एकीचे वय सत्तरीच्या पुढचे. तीन जिने चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. आमच्या सौभाग्यवतींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला, त्यांना पाणी दिले आणि आत येऊन माझ्या पांघरुणाकडे पाहत म्हटले, "अहो, झोपलाच असाल तर पाकीट कुठे ठेवलंय तेवढं झोपेतच सांगा."

पाकीट निघाले, पावती फाटली, बाई गेल्या. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेली माझी आई तेव्हा म्हणाली, "अरे, या वयात तीन जिने चढून मागायला येते ती बाई स्वतःसाठी येत नाही." एवढेच बोलून ती पुन्हा पणत्या पुसू लागली. मला मात्र पुढे झोप लागली नाही, सोंगाचीसुद्धा नाही. कारण आईच्या हातात एके काळी अशीच एक वही असे, आणि त्या वहीवर मी लहानपणी मनस्वी रागावलो होतो. ती हकीकत सांगतो; पण त्याआधी दुसऱ्या एका बाईंची सांगायला हवी. त्या बाई भेटल्या नसत्या तर मला माझी आईही नीट समजली नसती.

चर्चगेटहून निघालेली लोकल मरीन लाइन्सवरून चर्नी रोडकडे येते, तेव्हा रुळांना लागून एक रस्ता बरोबरीने धावत असतो. त्याचे नाव महर्षी कर्वे रस्ता. जुनी मंडळी त्याला क्वीन्स रोड म्हणत. वर्गात मी विचारतो, "महर्षी कर्वे कोण?" हात वर होतात. स्त्रीशिक्षण, महिला विद्यापीठ, १९५८ सालचे भारतरत्न, एकशे चार वर्षांचे आयुष्य, सगळे धडाधड येते. मग मी विचारतो, "आणि बाया कर्वे कोण?" हात खाली जातात. एखादी मुलगी चाचरत म्हणते, "सर, त्यांची मिसेस का?"

होय, त्यांची पत्नी. वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या बयोला आधार आहे तो या बायांचा. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांची ती कामे पाहिलेले प्रेक्षक आजही त्यांच्याविषयी बोलताना हळवे होतात. नाटक थोरच आहे. पण त्याचे नाव ऐकले की मला दर वेळी एक शंका येते. सावलीला कष्ट पडत नाहीत. सावलीला भूक लागत नाही, मुले होत नाहीत आणि महिनाअखेरीस वाण्याचे बिलही येत नाही. बायांना हे सारे होते.

कोकणातल्या जोशांची ही गोदू. आठव्या वर्षी नातूंच्या घरी लग्न झाले आणि तीन महिन्यांत ती विधवा झाली. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच नवरा गेला, आणि मग पुढची कित्येक वर्षे सासरच्या घरात राबण्यात गेली. तिचे बंधू नरहरपंत मुंबईस शिकत होते व गिरगावात धोंडो केशव कर्वे यांच्या बिऱ्हाडात राहत होते. विशी ओलांडलेल्या बहिणीला त्यांनी मुंबईस आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडले, आणि त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी झाली ती गोदूबाई. ज्या वयात तेव्हाच्या बायका सुना आणण्याच्या गोष्टी करीत, त्या वयाच्या उंबरठ्यावर या बाई मुळाक्षरे गिरवावयास बसल्या.

१८९१ मध्ये कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी पुण्यास गेले. दुसरे लग्न करीन तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. शारदा सदनात पाऊल टाकल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि घरातल्यांच्या तोंडी बाया. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. घरच्या माणसांनी या जोडप्याला थारा दिला तर त्यांनाही वाळीत टाकू, असे गावाने ठरविले. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ हा तेव्हा अकरा वर्षांचा. पुढे संततिनियमनाचा प्रचार करून अवघ्या महाराष्ट्राचा रोष ओढवून घेणारे आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविणारे र. धों. कर्वे ते हेच. बाया त्यांच्या सावत्र आई झाल्या, आणि मग स्वतःची तीन मुले, शंकर, दिनकर व भास्कर, यांच्याही.

इथवरची कथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. खरी परीक्षा पुढे आहे.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. विधवांसाठी निघालेल्या या आश्रमात एका बाईला मात्र राहता येईना, आणि ती म्हणजे संस्थापकाची पत्नी! कारण उघड होते. पुनर्विवाह केलेली स्त्री आश्रमात वावरताना दिसली असती तर मुलींचे पालक बिचकले असते. लेकीला शिकवायला पाठवू, पण तिचे पुन्हा लग्न लावून द्याल तर खबरदार, अशी त्यांची वृत्ती. तेव्हा बायांनी मुलांना घेऊन कित्येक वर्षे पुण्यात वेगळे बिऱ्हाड केले. त्यांची सख्खी धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. ती आश्रमात राहिली, त्याची आधारस्तंभ झाली आणि तिचे योग्य ते कौतुकही झाले. एकाच आईच्या दोन मुली. एक विधवा राहिली म्हणून आत, दुसरी सुवासिनी झाली म्हणून बाहेर!

त्यातच अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. त्या काळचे पाच हजार म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाची जन्माची पुंजी. बायांना ते मुळीच रुचले नाही. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर या मुलांनी काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता. चरित्रकार हा प्रसंग बहुधा पतीच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतात आणि बायांच्या रागाला संसारी बाईचा स्वभाव समजून पुढे जातात. मला त्या रागापाशी थांबावेसे वाटते. दिलेले पैसे एकट्या अण्णांचे नव्हते. मुलांच्या उद्याच्या जेवणाचे होते, आणि त्या जेवणाची जबाबदारी ज्या बाईवर होती तिला हा प्रश्न विचारण्याचा पुरा अधिकार होता.

आता बायांचा मोठेपणा पाहा. प्रश्न विचारून त्या रुसून बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, म्हणजे चार पैसे स्वतः मिळविता येतील अशी विद्या हाती घेतली. घर चालविले, मुले शिकविली. शंकर डॉक्टर झाले, दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्कररावांनी हिंगण्याचे काम अंगावर घेतले. आणि ज्या आश्रमाने त्यांना इतकी वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच आश्रमासाठी बाया वर्गणी मागत दारोदार हिंडल्या. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली, तिची नोंद इतिहासात आहे आणि असावीही. पण बायांच्या हाती पडलेले आणे-रुपये एकेका घराच्या मिसळणाच्या डब्यातून निघालेले होते. मागणारी बाई तोंड उघडून आपली हकीकत सांगत होती, म्हणून ते निघाले.

म्हातारपणी बायांनी 'माझे पुराण' सांगितले. ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५० साली, पंचाऐंशीच्या घरात असताना, त्या गेल्या. मी ते पुस्तक दरवर्षी वर्गात काढतो. मुलांना त्यातली भाषा आवडते, कारण ती ओट्यावर बसून आजीने बोलावे तशी आहे. घरात ज्यांनी हे सारे जवळून पाहिले त्या सूनबाई म्हणजे इरावती कर्वे. सासऱ्यांवर लिहिताना त्यांनी मोठ्या मिस्कीलपणे कबूल केले आहे की, अशा थोर पुरुषाची सून असण्याचा अभिमान खराच, पण आपण त्यांची बायको नाही याचा आनंद त्याहून अधिक. हसू येते, आणि लगेच ओसरतेही.

आता माझी हकीकत.

आम्ही तेव्हा परळला राहत होतो. १९८२ चा गिरणी संप कधीच विझला होता, पण चाळीतल्या किती घरांतले कर्ते पुरुष पुन्हा कामावर गेलेच नव्हते. आईने एक वही केली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती लालबागपर्यंत हिंडे, कोणाकडून पाच, कोणाकडून दहा रुपये घेई, आणि शाळा सुटू पाहणाऱ्या मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय करी. मी दहा वर्षांचा असतानाच्या दिवाळीत वहीत पैसे कमी पडले. आईने माझ्या फटाक्यांसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. मी तिला म्हणालो, "तू सगळ्यांची आई आहेस, फक्त माझी नाहीस." ती काही बोलली नाही. रात्री भाजणी मळताना तिचे डोळे पुसलेले मी पाहिले आणि आपण जिंकलो असे मला वाटले. दहा वर्षांच्या पोराला असेच वाटते.

'माझे पुराण' मी तिला वाचायला दिले ते फार उशिरा, माझे केस पांढरे व्हायला लागल्यावर. तिने आठवडाभर चष्मा लावून ते वाचले. मी विचारले, "कसे वाटले?"

ती म्हणाली, "बायांनी अण्णांना विचारलं ते बरं केलं. तूही मला विचारलंस ते चुकीचं नव्हतं. मी तुझ्या पैशातनं दिलं, पण वहीत नाव माझं घातलं होतं."

मग तिने कपाटातली ती वही काढून माझ्यापुढे ठेवली. पाने पिवळी पडली होती. त्या दिवाळीच्या पानावर, मी रागावून झोपलो त्या रात्री, तिने आपले नाव खोडून शेजारी माझे लिहिले होते. रुपये पंचवीस. पुढे पावतीचा क्रमांकसुद्धा.

येत्या रविवारी त्या बाई पुन्हा येणार आहेत. वरच्या मजल्याची वर्गणी राहिली आहे. मी त्यांना निरोप पाठवला आहे की जिने चढू नका, खाली आमच्याकडे बसा, सौ.च्या चकल्या झाल्या आहेत. पावतीपुस्तक घेऊन वर मी जातो.