शेतांतील यंत्राचा कारभार उघडा असावा

महावेध योजनेखालीं सन २०१७ पासून महाराष्ट्रांत महसूल मंडळानिहाय स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं व त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टि समजतात, आणि मदतीचा विचार त्या आंकड्यापासून सुरू होतो. ६४ व ६६ यांतील अंतर कागदावर दोनच मिलिमीटरांचें. पण ज्याचें सोयाबीन पाण्याखालीं गेलें त्यास तें केवढें वाटत असेल!

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. साध्या पर्जन्यमापकाचें पाणी काचेच्या मापांत ओतून वाचीत, व ज्यास संशय येई त्यास शेजारीं उभें राहून पाहतां येई. आतां तें काम पेटीच्या पोटांत होतें. पेटी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. भर पावसांत, अपरात्रीं न कंटाळतां मोजणारा नोकर कोणास नको? प्रश्न एवढाच कीं, त्या नोकराचें दप्तर कोणास तपासतां येतें.

शेतकरी आतां स्वतःही जमिनींतील ओल मोजणारीं बिनतारी यंत्रें घेऊं लागले आहेत. अशा यंत्रांतील संगणक अगदींच लहान. स्मृति कांहीं किलोबाइटांची, शिदोरी एकदोन बॅटऱ्यांची. म्हणून तो बहुतेक वेळ झोंपतो, ठरल्या वेळीं उठून मोजतो, संदेश धाडतो व पुन्हां झोंपतो. हें सर्व सांभाळणारा आंतील कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांची कॉन्टिकी, किंवा जर्मनी व फ्रान्स येथील संस्थांनीं २०१३ सालीं पुढें आणलेली रायट, ह्या प्रणालींचा मूळ मजकूर कोणासही वाचतां व सुधारतां येतो. रिचर्ड बॅरी यांची फ्रीआरटीओएस २०१७ सालीं ॲमेझॉनच्या देखरेखीखालीं गेली, तरी मजकूर उघडाच राहिला.

ह्याचें महत्त्व एका परिचित बागाइतदारास उशिरां कळलें. विकणाऱ्यानें धंदा गुंडाळतांच त्याच्या मोसंबींतील यंत्रें मुकीं झालीं. तीं बिघडलीं नव्हतीं, पण किल्ली दुसऱ्या कोणाजवळ नव्हती.

खेड्यांत हा मजकूर वाचणार कोण, असें कोणी विचारील. सातबारा तरी सर्वांस कोठें उमगतो? परंतु तो उघडा असल्यामुळें जाणता मनुष्य गांठतां येतो. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथें कृषि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांस हें काम अवघड नाहीं. अर्थात् नरसाळ्यांत पालापाचोळा अडकला तर उघड्या प्रणालीचाही आंकडा खोटाच येणार, आणि उघड्या प्रणालीवर विक्रेत्यानें आपला बंद हिशेब चढविला तर तोही निरुपयोगाचाच.

म्हणून आपल्या संस्थेनें सभासदांसाठीं अशीं यंत्रें घेतांना करारांतच लिहून घ्यावें: प्रणाली कोणती, मोजणीचा हिशेब कसा, त्याचा संपूर्ण मजकूर संस्थेच्या दप्तरीं, नवा मजकूर चढविण्याची किल्ली सभासदाच्या हातीं, आणि आंकडा बांधावरच वाचतां यावा. जो विक्रेता यास नकार देईल त्याचें यंत्र दहा टक्के स्वस्त असलें तरी घेऊं नये.