रंगाखालचा कार्बन

इसवी सन २००० मध्ये जपानच्या निस्सान कंपनीने आपल्या स्कायलाइन जीटी-आर या गाडीची 'व्ही-स्पेक टू' ही आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा तिचे बॉनेट नेहमीच्या ॲल्युमिनियमऐवजी कार्बन फायबरचे होते; आणि तरीही ते उर्वरित गाडीच्याच रंगात रंगवून ग्राहकाच्या हाती देण्यात आले. चार वर्षांनी अमेरिकेत जनरल मोटर्सने कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्सच्या स्मारक-आवृत्तीवर कार्बन फायबरचे बॉनेट बसवले, आणि तेही निळ्या रंगाखाली व रुपेरी-तांबड्या पट्ट्यांखाली संपूर्ण झाकले गेले. ज्यांनी हे द्रव्य पुरतेपणी जाणून, त्याच्या निर्मितीचा खर्च सोसून आणि त्याच्या गुणदोषांची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन ते निवडले, त्यांना त्याची काळी वीण लोकांना दाखवण्याची गरज वाटली नाही. आजच्या सुट्या भागांच्या बाजारात मात्र नेमकी ती वीणच विकली जाते. तिच्यावर काचेसारखी लकाकी चढवलेली असते, तिच्याखाली काय आहे हे विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. हौशी मोटारधारकांनी ही रीत सोडावी, बॉनेट घ्यायचेच असेल तर ते पालथे घालून पारखावे, आणि वीण हा निवडीचा निकष म्हणून मनातून काढूनच टाकावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या आग्रहाचे कारण त्या द्रव्याच्या प्रकृतीतच आहे. पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाचा कृत्रिम तंतू प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवून स्थिर करतात, नंतर प्राणवायूविरहित भट्टीत हजार अंशांच्याही पुढे नेतात, आणि त्यातील इतर मूलद्रव्ये निघून गेल्यावर मागे राहतो तो जवळजवळ शुद्ध कार्बनचा, सुमारे सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मानवी केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा धागा. अशा तीन हजार धाग्यांचा एक पेड करून त्याचे कापड विणतात, ते रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवतात आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. धाग्याचे सामर्थ्य त्याच्या लांबीच्या दिशेने असते. आडव्या दिशेने येणारा भार, थरांना एकमेकांपासून विलग करू पाहणारा ताण आणि आघात हे सारे रेझिनला सोसावे लागते. पोलादी पत्र्याचा दर्जा बव्हंशी गिरणीतच ठरून येतो, आणि तो पत्रा दाबून बॉनेट करणाऱ्या कारखानदाराला त्यात फारसे बिघडवता येत नाही. कार्बनच्या बॉनेटचा दर्जा मात्र साच्यापाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या हातून, थरांच्या दिशेतून, रेझिनच्या प्रमाणातून आणि भट्टीच्या तपमानातून निर्माण होतो. एकाच प्रतीचे कापड घेऊन एका कारखान्यात उत्तम आणि दुसऱ्यात निकृष्ट बॉनेट तयार होऊ शकते, आणि वरून पाहता दोन्ही सारखीच दिसतात.

या द्रव्याचा इतिहासही हेच सांगतो. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडात फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी साठीच्या दशकात या तंतूला उपयुक्त रूप दिल्यानंतर रोल्स-रॉइसने आरबी-२११ या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती त्यापासून करण्याचा साहसी निर्णय घेतला. पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे वळणे भाग पडले, आणि त्या इंजिनाच्या एकूण खर्चाखाली दबलेली ती नामांकित कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पुढे दहाच वर्षांनी, १९८१ साली, जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यानुसार युटा प्रांतातील हर्क्युलीस कंपनीने मॅक्लारेनच्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा याच तंतूपासून घडवला. त्याच वर्षी मोन्झाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची गाडी भीषण वेगात आदळून तिचे इंजिन तुटून अलग झाले, तरी वॉटसन त्या सांगाड्यातून आपल्या पायांनी चालत बाहेर आले. तंतू दोन्हीकडे कार्बनचाच होता. भेद पडला तो कोणता भार कोणत्या दिशेने येणार याच्या विचारात, आणि तो भार पेलण्यासाठी द्रव्याची मांडणी कशी केली त्यात.

आता वजनाचा हिशेब, कारण खरेदीचे समर्थन बहुधा तेथूनच सुरू होते. कॉर्व्हेटच्या त्या बॉनेटचे वजन सुमारे साडेवीस पौंड, म्हणजे सव्वानऊ किलोंच्या आसपास होते, आणि त्याच गाडीच्या मूळच्या बॉनेटपेक्षा ते सुमारे पावणेपाच किलोंनी हलके होते. चौदाशे किलोंच्या गाडीत हा तीनशेवा हिस्सा झाला. तो अगदीच व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही; बॉनेट गाडीच्या पुढच्या टोकाला आणि उंचावर असल्याने तेथे घटलेला प्रत्येक किलो पुढच्या चाकांवरचा भार आणि गुरुत्वमध्याची उंची दोन्ही कमी करतो, आणि शर्यतीसाठी दारे, डिकी, आसने असे सगळेच हलके करणाऱ्याच्या एकूण बेरजेत तो जमा होतो. परंतु ज्याने बाकी गाडी जशीच्या तशी ठेवली आहे, त्याला हा फरक वळणावर जाणवेल अशी आशा धरू नये. शिवाय माझदाची एमएक्स-५ आणि शेवटच्या पिढीची आरएक्स-७, होंडाची एस-२०००, निस्सानची जीटी-आर या गाड्यांची मूळ बॉनेटे पोलादाची नसून ॲल्युमिनियमची आहेत. ती काढून बाजारातले स्वस्त कार्बनचे बॉनेट बसवले, तर वजन घटण्याऐवजी वाढण्याचाही संभव असतो. म्हणून आपल्या गाडीवरचे मूळ बॉनेट आधी उतरवून तराजूवर ठेवावे, आणि नव्याचे वजन विक्रेत्याकडून लेखी मागावे. ते सांगण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्याशी पुढचे बोलणे करण्याचे कारण उरत नाही.

स्वस्त बॉनेट जड का भरते, हे भोसरीच्या एका गॅरेजात मी जवळून पाहिले आहे. माझ्या भाच्याने मागवलेले एक बॉनेट दोन स्टुलांवर ठेवले होते. वरून वीण अशी रेखीव की मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना तिचे तिरके पट्टे आरशातल्यासारखे जुळत होते. तेथील मिस्त्री म्हणाले, "साहेब, पालथं घाला ना, म्हणजे कळेल." पालथे घातल्यावर खालच्या चौकटीवर दाट काळा रंग दिसला, आणि बिजागरीसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला, जेथे ड्रिलने रंग निघाला होता, तेथे काचतंतूची पांढरट धार उघडी पडलेली होती. वरचा एकच पापुद्रा कार्बनचा, बाकी सारे फायबरग्लास. मिस्त्रींनी खिशातले नाणे काढून पृष्ठभागावर ठिकठिकाणी वाजवले. बहुतेक जागी आवाज खणखणीत आला, पण पुढच्या कोपऱ्याजवळ वीतभर जागेत तो बद्द झाला. तेथे थरांमध्ये हवा राहिली होती, किंवा वरचा पत्रा आणि खालची चौकट यांच्यातील चिकटद्रव्य पोहोचलेच नव्हते. विमानाच्या भागांची प्राथमिक तपासणीही अशाच टकटकीने होते. सर्वांत चिंतेची गोष्ट मात्र पुढे होती: लॅचमध्ये अडकणारा लोखंडी आकडा ज्या दोन बोल्टांनी धरलेला होता, ते थेट पातळ फायबरमध्ये बसवलेले होते, आणि त्यांच्यामागे भार पसरवणारी धातूची पट्टी नव्हती. भाच्याने ते परत पाठवले, याचे मला अतिशय समाधान वाटले.

त्या आकड्यावर किती भार येतो, हे साध्या गणिताने समजते. ताशी शंभर किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका असतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होऊन १९० किलोंच्या घरात जातो. बॉनेटची पुढची कड बोटभर उचलली गेली की हवा तिच्याखाली शिरते. आकडा निसटला तर बिजागऱ्यांवर फिरून ते संपूर्ण बॉनेट पुढच्या काचेवर आदळते, आणि चालकाला रस्ता दिसेनासा होतो. म्हणून मूळ लॅच ठेवूनही पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बॉनेट-पिना बसवाव्यात, आणि त्या पिनांच्या जागी थर वाढवलेले आहेत याची खातरजमा करावी. मोकळ्या कडा हातांनी दाबून, एक कोपरा उचलून, बॉनेट किती पिळते ते पाहावे. वरचा थर कितीही सुबक असला तरी खालची चौकट क्षीण असेल तर वेगात ते थरथरणारच.

छिद्रांविषयीही ग्राहकाची फसगत होते. ज्यांना गरम हवा बाहेर काढायची आहे, त्यांना छिद्रे हवीत ती रेडिएटरच्या लगेच मागे, जेथे बॉनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी असतो. काचेच्या पायथ्याशी, उलट, हवा अडून दाब वाढलेला असतो. त्यामुळे बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलण्याची जी रीत पडली आहे, तिने वेगात गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरचीच हवा आत ढकलली जाते.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार तर परदेशी विक्रेत्याच्या मनात असण्याचे कारणच नाही. इपॉक्सी रेझिन अतिनील किरणांनी पिवळे पडते, आणि त्याचे रक्षण करणारा क्लिअर कोट हलका असेल तर काही उन्हाळ्यांत तो धुरकट होऊन त्याचे पोपडे निघू लागतात. त्याहून गंभीर बाब रेझिनच्या मऊ पडण्याच्या तपमानाची. साध्या हवेच्या तपमानाला वाळवलेले रेझिन साठ-सत्तर अंशांपासूनच आपला ताठरपणा गमावू लागते. वरून नागपूर-चंद्रपूरचे मे महिन्यातले ऊन, खालून टर्बोची धग, आणि मध्ये काळा पृष्ठभाग, अशा स्थितीत ते बॉनेट मधोमध खचते आणि विणीचा उठाव वरच्या लकाकीतून जाणवू लागतो. ज्या कापडात रेझिन आधीच मोजून भरलेले असते आणि जे ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली १२० अंश वा अधिक तपमानाला भाजले जाते, त्याची गोष्ट वेगळी. विक्रेत्याला विचारायचा पहिला तांत्रिक प्रश्न म्हणून हाच: हे किती अंशांना आणि किती दाबाखाली पक्के केले? आणि रंगाची निवड आपल्या हाती असेल, तर निस्सान व जनरल मोटर्सप्रमाणे ते रंगवून घ्यावे. रंग ऊन अडवतो, आणि फिकट रंग उष्णताही कमी शोषतो.

येथवर बोलणे झाले ते मालकाच्या हिताचे. परंतु बॉनेटशी रस्त्यावरच्या परक्या माणसाचाही संबंध येतो. पोलादी बॉनेटच्या खालच्या चौकटीत मुद्दाम दुर्बळ राखलेल्या रेषा असतात, जेणेकरून समोरच्या धडकेत ते मधोमध दुमडावे आणि मागे सरकत चालकाच्या काचेत घुसू नये. पादचाऱ्याचे मस्तक त्यावर आपटले तर पत्रा खाली दबून आघात शोषतो. त्यासाठी इंजिन आणि बॉनेट यांच्यात अंतर राखलेले असते, आणि आपल्या देशात एआयएस-१०० या मानकान्वये त्याची चाचणी होते. कार्बन दुमडत नाही, तो फुटतो, आणि फुटताना त्याच्या कडा धारदार होतात. कारखानदाराने हे लक्षात घेऊन थर मांडले असतील तर तो धोका आटोक्यात राहतो. कोणत्याही चाचणीविना साच्यातून काढलेल्या बॉनेटविषयी तशी हमी कोणीही देऊ शकत नाही. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर माणूस स्वतःपुरता धोका पत्करतो, पण पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर तो दुसऱ्याच्या मुलाच्या वतीने पत्करत असतो.

कायद्याने या प्रश्नाला एका फटकाऱ्यात निकालात काढले आहे, आणि ते मला पुरेसे वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मनाईमागील हेतू योग्य आहे, परंतु चांगला जिन्नस आणि वाईट जिन्नस यांत ती भेद करत नाही. जर्मनीत सुटा भाग विकणारा त्याच्या चाचणीचा दाखला सोबत देतो आणि तपासणी-संस्था तो भाग बसवल्यावर पाहून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करते. वाहनविषयक मानकांचे काम जिच्याकडे आहे ती एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे; गोव्यात पिळर्ण येथे किनेकोसारखा उद्योग विमान व अंतराळ क्षेत्रासाठी संयुक्त द्रव्यांचे भाग तयार करतो. ज्ञान आणि साधने इतक्या जवळ असताना, बॉनेटसारख्या भागाला चाचणी घेऊन दाखला देण्याची रीतसर व्यवस्था परिवहन खात्याने उभी करावी, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

ती व्यवस्था होईपर्यंत, ज्याला खाजगी ट्रॅकवर चालवण्यासाठी बॉनेट घ्यायचे आहे, त्याने वजन, खालच्या चौकटीचे द्रव्य, पक्के करण्याचे तपमान आणि लॅचमागील धातूची पट्टी या गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. विमा कंपनीला फेरफार आधी कळवावा. आणि मूळ बॉनेट त्याच्या बिजागऱ्या, बोल्ट व रबरी बुशांसह भंगारात न घालता कोरड्या जागी उभे करून ठेवावे, कारण गाडी रस्त्यावर आणायच्या आधी, आणि एखाद्या दिवशी विकायला काढल्यावरही, तेच पुन्हा बसवावे लागणार आहे.