स्मारकाला फुले, जवानाला हेलपाटे

बंगळुरूत नेहरू तारांगणाजवळ भव्य राष्ट्रीय सैनिक स्मारक आहे. शहिदांना तिथे मानवंदना मिळते. पण जो जवान अपंग होऊन जिवंत परतला, त्याचे काय? त्याच्या वाट्याला अर्ज आणि हेलपाटे!

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात बजावले होते, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच जडला असे धरावे. तसे नसेल तर ते सरकारने सिद्ध करावे. तरीही अपंगत्वाच्या पेन्शनविरुद्ध केंद्राची अपिले थांबली नाहीत.

अशा वेळी सैनिक मंडळांनी केवळ दाखल्यांवर शिक्के मारून भागणार नाही. त्यांनी जवानाच्या घरी जावे, कागदपत्रे जुळवावीत, वकील द्यावा. आणि मंडळाच्या बैठकीत अपंग सैनिकालाही हक्काची जागा द्यावी. ज्याचे जळते, त्यालाच कळते.