साहेबाचे कट्टे

मंडळी, परवा सुट्टीच्या दिवशी रास अल खोरच्या आमच्या बिऱ्हाडी 'सोलारिस' लावला. आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा 1972 सालचा रशियन चित्रपट. दूरच्या ग्रहाभोवतीच्या अंतराळस्थानकात माणसं हवेच्या झरोक्यांना कागदाच्या पट्ट्या बांधतात. का? तर रात्री पानांची सळसळ ऐकू यावी म्हणून! आमच्या एसीकडे बघत सौ. म्हणाल्या, "आपणही बांधूया."

चिरंजीवांचं लक्ष मात्र नावाकडे. "बाबा, सोलारिस म्हणजे सूर्याचा. आणि हेलियमचं नावही सूर्यावरूनच ना?"

झालं! आम्ही पडलो सिंधुदुर्गचे. कॉलर ताठ करून सांगितलं, "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला. 18 ऑगस्ट 1868, खग्रास ग्रहण, लॉकियरसाहेब! त्यांचे कट्टे अजून आहेत किल्ल्यावर." चिरंजीव हे शाळेच्या प्रकल्पात लिहायला निघाले, तेव्हा म्हटलं, एकदा पुस्तकात बघून घेऊ.

बघितलं, आणि कॉलर खाली आली. त्या ग्रहणाचं निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी केलं ते गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. तिथूनच, ग्रहण नसताना, त्यांनी 20 ऑक्टोबरला सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमच्या जोडरेषांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी. म्हणजे मूलद्रव्यच नवं! सूर्याच्या ग्रीक नावावरून ते झालं हेलियम. पुष्कळांना ते पटलं नाही. पृथ्वीवर ते हाती लागलं 1895 मध्ये, लंडनला रॅम्से यांना, युरेनियमच्या खनिजात.

मग विजयदुर्ग? साहेब तिथे आले होते हे अगदी खरं, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला! शोध लागून तीस वर्षं होत आली होती. आपल्या लोकांनी दोन ग्रहणांची एकच गोष्ट करून टाकली. आजही 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो.

आता पंचाईत अशी, की ही गोष्ट आम्हाला आमच्या आजोबांनी सांगितलेली. ती खोडायची? चिरंजीवांनीच तोड काढली. प्रकल्पात गुंटूर, इंग्लंड, लंडन ओळीनं लिहिलं, आणि शेवटी "1898, विजयदुर्ग : हेलियमवाले साहेब आमच्या गावाकडे आले होते."

एसीला पट्ट्या बांधल्यात. सळसळ होते, पण माडाची काही नव्हे.